हात लावाच!

एखाद्या गाजलेल्या विनोदी चित्रपटाचा नवा अवतार येणार अशी नुसती कुणकुण लागली, की आपल्याकडे सुतक सुरू होतं. पटकथेचं पहिलं पान लिहिलेलं नसतं, नट ठरलेले नसतात, निर्मात्याने कुठल्याशा मुलाखतीत एक वाक्य सोडलेलं असतं. पण यांची तेराव्यापर्यंतची तयारी झालेली असते. 'बनवाबनवीला हात लावू नका.' 'लक्ष्या कुठून आणणार?' 'आमच्या बालपणाची वाट लावू नका.' 'यांना नवं काही सुचत नाही का?' आणि शेवटी 'असा सिनेमा आता होणे नाही', हे असं म्हणायचं की पुढे कुणी तोंडच उघडू नये.

या मंडळींचं म्हणणं त्यांच्याहून नीट मांडून पाहू. अभिजात विनोदी चित्रपट एकदाच जमून येतो. तो त्या काळाचा, त्या नटांचा, त्या लेखकाचा असतो. तो पुन्हा करणं म्हणजे एक तर नक्कल, नाहीतर विटंबना. करणारे पैशासाठी करतात, त्यात काम करणाऱ्यांना टायमिंग नसतं, आणि पाहणाऱ्याच्या मनातल्या मूळ चित्रपटावर कायमचा डाग पडतो. थोडक्यात, काचेच्या कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि दर रविवारी टीव्हीवर दर्शन घ्या.

ऐकायला हे भारदस्त वाटतं. खरं मात्र यातलं जवळजवळ काहीच नाही.

सुरुवात कुलूप लावलेल्या मूर्तीपासूनच करू. 'अशी ही बनवाबनवी' 23 सप्टेंबर 1988 रोजी प्रदर्शित झाला. धनंजय माने, परशुराम, सुधीर आणि शंतनू; घर मिळावं म्हणून दोघांनी नेसलेली लुगडी; विश्वासराव सरपोतदार, लीलाबाई काळभोर. आपल्याला वाटतं, हे सगळं पुण्याच्या मातीतून थेट उगवलं. उगवलं पुण्यातच, पण बियाणं बाहेरचं होतं. हृषिकेश मुखर्जींनी 1966 साली 'बीवी और मकान' नावाचा हिंदी चित्रपट केला होता. राहायला जागा नाही, घरमालकाला कुटुंबच हवं, म्हणून मित्रांपैकी दोघे बायका होतात, ही कथा तिथली. आणि तीही मुखर्जींच्या डोक्यातून आलेली नव्हती, बंगालीतून आलेली होती. म्हणजे ज्याला हात लावू नका म्हणून आपण हात जोडतो आहोत, तो चित्रपट मराठीत पोचेपर्यंत निदान दोन वेळा हाताळून झाला होता.

मग दिग्दर्शक सचिन पिळगावकर आणि लेखक वसंत सबनीसांनी केलं काय? कथा उसनी घेतली आणि पुणं पदरचं घातलं. सरपोतदारांचा कंजूषपणा, मधुमेहाच्या औषधाचा तो व्यवहार, घरमालकापुढे लीन होऊन मागच्या मागे त्याची टोपी उडवणारी धनंजय मान्यांची भाषा, हे 'बीवी और मकान'मध्ये शोधून सापडणार नाही. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नव्हतं. त्या लोकनाट्यात दादा कोंडके रोज नव्या कोपरखळ्या घालत. कालचा प्रयोग आजच्यासारखा नसे, आणि ते नसणं हाच त्याचा प्राण होता. वगाची गोष्ट जुनी असते, बोलणं आजचं असतं. सबनीसांनी चित्रपटातही तेच केलं. आज त्याच चित्रपटाला 'जसाच्या तसा जपा' असं बजावणं हा सबनीसांचा सन्मान आहे की त्यांच्या कामाबद्दलचं घोर अज्ञान?

पुढची गंमत अशी की बनवाबनवीला हात लावून झालेला आहे. तेलुगूत झाला. हिंदीत 2009 साली 'पेइंग गेस्ट्स' झाला, त्यात श्रेयस तळपदेसारखा मराठी नट होता. 2014 साली पंजाबीत 'मिस्टर अँड मिसेस 420' झाला. 'पेइंग गेस्ट्स' कुणाच्या लक्षात तरी आहे का? नाही. त्याच्यामुळे धनंजय मान्यांचं एक तरी वाक्य बेचव झालं का? बालपणाला एक ओरखडा तरी उठला का? वाईट नवा अवतार विसरला जातो, चांगला लक्षात राहतो, आणि जुना आपल्या जागी असतो. मग हे जे रक्षण चाललं आहे ते नेमकं कुणापासून?

इथे एखादा चतुर चाहता म्हणेल, परभाषेतून आणणं वेगळं. 'बीवी और मकान' मराठी प्रेक्षकाचा जीव की प्राण नव्हता. ज्याच्यावर लोकांनी प्रेम केलं, तेच त्याच भाषेत त्याच लोकांपुढे पुन्हा मांडणं हा खरा गुन्हा. मुद्दा बरा आहे, उत्तर देण्यालायक आहे. उत्तर हे.

1931 साली अमेरिकेत 'द फ्रंट पेज' नावाची झणझणीत कॉमेडी आली. वर्तमानपत्राचा बेरकी संपादक आणि नोकरी सोडू पाहणारा त्याचा बातमीदार. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत ती गेली. अवघ्या नऊ वर्षांनी, त्याच देशात, त्याच भाषेत हॉवर्ड हॉक्सने ती पुन्हा केली आणि भलतंच धाडस केलं: बातमीदाराची बाई करून टाकली, तीही संपादकाची घटस्फोटित बायको. 1940 चा 'हिज गर्ल फ्रायडे'. आज विनोदी चित्रपटांवर लिहिणारा कुणीही तो वगळून पुढे जात नाही; 'द फ्रंट पेज' मात्र अभ्यासकांपुरता उरला आहे. आता 2016 आठवा. 'घोस्टबस्टर्स'च्या नव्या अवतारात चार बायका घेतल्या म्हणून जगभरच्या बाप्यांनी आकांत मांडला. नुसत्या ट्रेलरवर नापसंतीचा महापूर लोटला, आणि लेस्ली जोन्स या अभिनेत्रीला तर रंगावरून इतक्या गलिच्छ शिव्या खाव्या लागल्या की तिने काही काळ ट्विटरच सोडलं. चित्रपट मध्यम निघाला, हे मी मान्य करतो. पण शिव्या देणाऱ्यांनी तो पाहिला कुठे होता? ही चित्रपटावरची टीका नव्हती. लहानपणीच्या आपल्या खेळात मुली आल्या, याचं ते रडगाणं होतं. हॉक्सच्या वेळी ही मंडळी हजर नव्हती, हे विनोदाचं नशीब.

आणि अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने 2000 साली अमेरिकेतल्या विनोदी चित्रपटांची यादी केली तेव्हा पहिला नंबर कुणाचा लागला? बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट'चा. 1959 चा चित्रपट, दोन पुरुष बाईच्या वेशात. कथा 1935 च्या एका फ्रेंच चित्रपटाची, जी 1951 मध्ये जर्मन भाषेत एकदा होऊन गेली होती. अव्वल नंबरसुद्धा तिसऱ्या हाताचा! विनोदात कुळ शोधायला निघालेला माणूस हमखास तोंडावर आपटतो.

पण अमेरिकेला कशाला जायचं? मराठी माणसाने तरी हा युक्तिवाद करू नये. मोलिएरच्या 1660 मधल्या नाटकावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये इंग्रजी नाटक बेतलं, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी 'फाल्गुनराव' लिहिलं, आणि मग आपल्याच त्या गद्य नाटकात पदं घालून त्याचा नवा अवतार केला. 1916 साली तो 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आला. लेखक तोच, भाषा तीच, गोष्ट तीच. 'अहो देवल, फाल्गुनरावाला हात लावू नका' असं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं असतं आणि देवलांनी ऐकलं असतं, तर? नंतर शंभर वर्षं त्या फाल्गुनरावाच्या पगडीत किती डोकी गेली असतील! अगदी अलीकडे प्रशांत दामल्यांनी तो केला, राहुल देशपांडे अश्विनशेठ झाले, आणि प्रेक्षक तिकीट काढून हसले.

इथेच दुसरा मुद्दा येतो, 'लक्ष्या कुठून आणणार?'

नाटकवाल्यांच्या भाषेत याला 'रिप्लेसमेंट' म्हणतात, आणि मराठी रंगभूमी तिच्यावरच जगली आहे. ब्रँडन थॉमसच्या 1892 मधल्या 'चार्लीज आन्ट'वरून अत्र्यांनी 'मोरूची मावशी' लिहिली. ती मावशी आधी बापूराव माने यांनी गाजवली. ऐंशीच्या दशकात 'सुयोग'ने तेच नाटक पुन्हा उभं केलं आणि विजय चव्हाण मावशी झाले. आज मावशी म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोण येतं? विजय चव्हाणच. म्हणजे ज्याला आपण मूळ समजतो तीच रिप्लेसमेंट आहे! 'ती फुलराणी' 1975 साली भक्ती बर्व्यांनी अशी केली की पुढे कुणी त्या वाटेला जाऊच नये. तरी सुकन्या कुलकर्णी गेल्या, अमृता सुभाष गेली, हेमांगी कवी गेली. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तर एकट्या माणसाने बावन्न पात्रं उभी करण्याचा खेळ. त्यांच्यामागे ते कुणाला जमणार, असंच वाटलं असतं. संदीप पाठकने केलं, गावोगाव केलं. रंगमंचासमोर आपण इतके उदार असतो. तोच माणूस पडद्यासमोर आला की त्याला एकदम सोवळं का आठवतं?

बरं, हा लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, स्वतः कुणाच्या जागी उभे राहिले होते? 1985 चा 'धुमधडाका' घ्या. सिनेमाचं वेड लागलेला, श्रीमंत बापाकडून पैसे उकळू पाहणारा तो पोरगा. 1964 साली श्रीधर यांच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ चित्रपटात तो नागेशने केला होता. 1966 च्या 'प्यार किये जा'मध्ये मेहमूदने केला. नागेश आणि मेहमूद! या दोघांच्या खुर्चीत बसायचं म्हणजे काय, याचा विचार करा. महेश कोठारेंच्या कानाशी तेव्हा कुणी 'मेहमूद कुठून आणणार?' असं पुटपुटलं असतं आणि कोठारे घाबरले असते, तर आज ज्या लक्ष्यासाठी गळा काढला जातो तो लक्ष्या आपल्याला असा मिळाला असता का? त्याच चित्रपटात अशोक सराफांनी खोकल्याचा एक असा ठसका घातला की तो महाराष्ट्रात अजून ऐकू येतो. तो ठसका ना तमिळमध्ये होता, ना हिंदीत. जुन्या पटकथेत नव्या नटाला अशी एखादी फट सापडते, आणि तिथून तो नवाच माणूस बाहेर काढतो. फट सापडायला आधी पटकथा हातात तर द्यावी लागेल!

'हेरा फेरी'चंही तेच. 2025 च्या मे महिन्यात परेश रावल तिसऱ्या भागात नाहीत अशी बातमी आली आणि देशभर असा हलकल्लोळ उडाला जणू कुणी घरचं माणूस निघून गेलं. दीडेक महिन्यात ते परतलेही. बाबूराव गणपतराव आपटे! नावाने मराठी, नट गुजराती, आणि जन्म केरळात. 1989 च्या 'रामजी राव स्पीकिंग' या मल्याळम चित्रपटात हा माणूस मन्नार मत्ताई नावाचा नाटक कंपनीवाला होता आणि इनोसंट यांनी तो केला होता. केरळी प्रेक्षकाला विचारा बाबूरावाची जागा कुणी घेऊ शकेल का म्हणून. तो विचारेल, मत्ताईची जागा कुणी घेतली ते आधी सांगा.

एक गोष्ट मात्र या आक्रोशात खरी आहे, आणि तिची मी थट्टा करणार नाही. 2004 या एकाच वर्षात बनवाबनवीतले सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही गेले. दोघेही जायच्या वयाचे नव्हते. पुढच्या वर्षी त्यातलेच सुधीर जोशी गेले. बनवाबनवी लागला की आपण नुसते हसत नाही, गेलेल्या माणसांना भेटतो. ते दुःख मोलाचं आहे. पण दुःख म्हणजे समीक्षा नव्हे. आणि त्या दुःखाच्या मागण्या पुरवत गेलं की गोष्ट कुठे जाते तेही पाहा. 2021 च्या 'घोस्टबस्टर्स: आफ्टरलाइफ'मध्ये चाहत्यांची समजूत काढायची म्हणून 2014 मध्ये वारलेल्या हॅरॉल्ड रॅमिसला संगणकाच्या मदतीने भूत करून पडद्यावर आणलं. म्हणजे नव्या जिवंत नट्या चालत नाहीत, मेलेला नट चालतो! याला निष्ठा म्हणायचं असेल तर म्हणा. मला हे एका हसऱ्या माणसाला पेटीत बंद करून ठेवण्यासारखं वाटतं.

आता चाहत्यांच्या मनातल्या सगळ्यात पक्क्या पेचाकडे. नवा चित्रपट जुन्यासारखा झाला तर 'ही कॉपी आहे', वेगळा झाला तर 'याचा मूळ चित्रपटाशी काय संबंध?' जुनं वाक्य ठेवलं तर 'लाचारी', काढलं तर 'आत्माच काढला'. या परीक्षेत पास होण्याची सोयच ठेवलेली नाही. का? कारण चाहत्याला चित्रपट नकोच असतो, त्याला स्वतःचं पाठांतर हवं असतं. तिसाव्या वेळी बनवाबनवी पाहताना आपण चकित होऊन हसत नाही. पुढचं वाक्य नटाच्या आधी म्हणतो आणि त्याने तेच म्हटलं म्हणून खूश होतो. आरतीत 'लवथवती' लागली की आवाज चढतो ना, तसंच. त्यात गैर काही नाही, मीही चढवतो. पण आरती येते म्हणून कुणी स्वतःला काव्याचा जाणकार समजू नये. विनोदाचं काम धक्का देणं आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टीत धक्का उरत नाही. जे पहिल्यांदा ऐकून लोक खुर्चीतून पडले असतील, ते आपल्याला आता कळतच नाही. नवा अवतार आपल्याकडून पुन्हा ती पहिल्यांदाची बैठक मागतो, आणि तेवढंच द्यायची आपली तयारी नसते.

शिवाय या जाणकारांची पारख किती पक्की? 'अंदाज अपना अपना' 1994 मध्ये आला आणि आपटला. ज्यांना त्यातलं वाक्यन्वाक्य तोंडपाठ आहे, त्यांच्यापैकी थिएटरात किती गेले होते? टीव्हीने आणि व्हिडिओने तो घरोघरी नेला, मग तो अभिजात झाला, आणि 2025 मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा सगळे जन्मापासूनचे भक्त असल्यासारखे वावरले. पहिल्या दिवसाच्या निकालावर विसंबलो असतो तर तो कधीच पुरला गेला असता. आणि हेच लोक न आलेल्या चित्रपटाचा निकाल वर्षभर आधी लावतात!

पैशाचा मुद्दा लवकर उरकतो. होय, निर्माते पैशासाठी चित्रपट काढतात. किरण शांताराम यांनी बनवाबनवी काढला तो धर्मादाय म्हणून नव्हे. होय, टाकाऊ अवतार निघतात: डेव्हिड धवन यांनी आपलाच 1995 चा 'कुली नं. 1' 2020 मध्ये पुन्हा केला आणि तो बघवत नाही. पण 1995 चा तरी कुठे स्वयंभू होता? तोही दक्षिणेकडून आलेला. दोन्ही अवतार, दिग्दर्शक एकच, एक जमला आणि एक फसला. तेव्हा दोष पुन्हा करण्यात नसून झोपेत करण्यात आहे. आणि 'नवं काही करा' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचंय की मराठीत नवं येतं त्या आठवड्यात तुम्ही कुठे असता? 2024 मध्ये 'नवरा माझा नवसाचा 2'ला गर्दी झाली, ती याच लोकांची. नव्या कोऱ्या विनोदी चित्रपटाचे खेळ प्रेक्षकांअभावी रद्द होतात तेव्हा हे घरी बसून 1988 चा पाहत असतात.

राहिलं ते शेवटचं ब्रह्मवाक्य: 'असा सिनेमा आता होणे नाही.' का होणे नाही? बनवाबनवीच्या मुळाशी काय आहे? घर. चार तरुणांना पुण्यात भाड्याने जागा मिळत नाही. मग 2025 च्या पुण्यात ती मिळते का? बाणेर, हिंजवडी, कोथरूड, कुठेही जा. एजंटचा पहिला प्रश्न अजून तोच, फॅमिली की बॅचलर? सरपोतदार एकटे होते, त्यांच्या जागी आता सोसायटीची अख्खी कमिटी बसली आहे. अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन, आधार कार्ड, गेटवर ॲप, जिन्यात कॅमेरा. मांसाहार करता का, कोणत्या गावचे, आडनाव काय, रात्री किती वाजता येता, येणारी मुलगी कोण. अविवाहित मुलींना जागा देत नाहीत, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना देत नाहीत, काही आडनावांना तर फोनवरच जागा 'आत्ताच गेली' असते. 1988 मध्ये लुगडं नेसून एका म्हातारीला फसवता येत होतं. आज आधार कार्डाला कसं फसवणार? चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यापुढे परशुरामची पार्वती किती वेळ टिकेल? फार्सला हवा असतो तो फास, आणि तो आज जुन्याहून दसपट आवळलेला आहे. लेखकाला याहून काय हवं?

आणि बाईचा वेश. 1988 मध्ये पुरुषाने साडी नेसली एवढ्यावर अर्धा हशा मिळत होता. आज तेवढ्यावर मिळणार नाही, आणि मिळू नये. आज मुलींनाच पुरुष व्हावं लागलं तर? प्रेमात पडलेल्या दोन पोरांना सोसायटीसाठी भाऊ-भाऊ व्हावं लागलं तर? ज्याचं आडनाव चालत नाही त्याला जोशी व्हावं लागलं तर? यातल्या प्रत्येकात बनवाबनवी दडलेली आहे, आणि प्रत्येकात असा एक प्रसंग आहे जिथे हसता हसता सरपोतदारांची खुर्ची आपल्याच घरात सापडेल. कदाचित याचीच भीती असेल. जुन्या चित्रपटात कंजूष घरमालक दुसरा कुणीतरी होता. नव्यात ज्याने फ्लॅट भाड्याने देताना 'फक्त कुटुंबासाठी' असं लिहिलं आहे, तो बनवाबनवीचा कट्टर चाहताच निघायचा.

तेव्हा हात लावाच. लक्ष्याची नक्कल करणारा नट घेऊ नका, आणि अशोकमामांना पाहुणा म्हणून एका प्रसंगापुरतं आणून टाळ्या गोळा करू नका. सबनीसांच्या वाक्यांना शिवूही नका, ती त्यांची आहेत. पण त्यांच्यासारखं शहराच्या वर्मावर बोट ठेवणारा, आज हिंजवडीत भाड्याने राहणारा एखादा तिशीतला लेखक शोधा, त्याला पटकथा द्या आणि सांगा, सरपोतदारांना सेक्रेटरी कर. चित्रपट फसला तर तिकीट काढून, शेवटपर्यंत पाहून, मग सणसणीत शिव्या घालू. पण येण्याआधी नाही.